भिवंडीतून निघणाऱ्या दोन वाटा

भिवंडीतून आजारी माणसाला घेऊन निघणाऱ्यांच्या जुन्या वाटा दोन. एक उत्तरेला, तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरीला. दुसरी खाडी ओलांडून ठाण्याला. वज्रेश्वरीचे देऊळ वसईच्या मोहिमेशी जोडलेले आहे. १७३९ मध्ये किल्ला हाती आला आणि चिमाजी अप्पांनी बोललेला नवस फेडला गेला, त्यातून ते उभे राहिले. पण लोक तिथे केवळ देवीसाठी जात नव्हते. अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी या पट्ट्यात गरम पाण्याचे झरे आहेत. सांधे धरलेली, बोटे आखडलेली, अंगावर चट्टे उठलेली माणसे त्या गंधकाच्या वासाच्या पाण्यात बसून राहत आणि मग ओल्या कपड्यांनी पायऱ्या चढून देवीपुढे उभी राहत. नवस बोलताना दुखणे अंगाचे की मनाचे, हे तिथे वेगळे सांगावे लागत नसे. ठाण्याच्या वाटेचे तसे नव्हते. या भागात ‘ठाण्याला पाठवा’ म्हटले की अर्थ एकच, वेड्यांच्या इस्पितळात पाठवा; पुण्याकडे ‘येरवड्याला पाठवा’ म्हटल्यावर होतो तोच. ठाण्याला जाणाऱ्याचे दुखणे मनाचेच, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असे. मन आणि शरीर यांच्यातली ही भिंत आपल्याकडे कधी उभी राहिली आणि कुणाच्या सोयीसाठी, हे पाहिले पाहिजे. कारण आजही तिच्याखाली माणसे अडकतात, आणि त्यांत ऑटोइम्यून आजाराचे, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच उलटते अशा दीर्घ आजाराचे रुग्ण सर्वांत वाईट अडकतात.

ही भिंत वैद्यकाने घातली नाही, कायद्याने घातली. कंपनीचे राज्य संपत होते त्याच वर्षी, १८५८ मध्ये, वेड्यांविषयीचे तीन कायदे झाले. त्यांतला एक, त्या वर्षीचा छत्तिसावा, इस्पितळांचा. रस्त्यावर भटकणारा, वेडा वाटणारा माणूस पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभा करणे हे त्याने पोलिसांचे कर्तव्य ठरवले. मॅजिस्ट्रेटने डॉक्टरचा दाखला पाहून हुकूम द्यायचा आणि हुकमावर माणूस आत जायचा. म्हणजे दारावर पहिला भेटणारा वैद्य नव्हे, शिपाई. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून असे इस्पितळ होते. ते भरून वाहू लागले तेव्हा ठाण्यात नौपाड्याला नवे बांधले गेले. त्याला नरोत्तमदास माधवदास यांचे नाव मिळाले, कारण पैसा त्या घराण्याचा होता. १९०१ मध्ये ते सुरू झाले. त्या काळात वेड्यांची इस्पितळे तुरुंगांच्या महानिरीक्षकाच्या अखत्यारीत होती. ती सिव्हिल सर्जनांकडे आली १९०५ च्या सुमारास, आणि त्यांना ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव मिळायला १९२० नंतरची वर्षे उजाडावी लागली. १९१२ चा लुनसी अ‍ॅक्ट जवळपास ऐंशी वर्षे चालला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात लागू झाला १९९३ मध्ये. इतकी वर्षे भिवंडीच्या, कल्याणच्या, शहापूरच्या माणसाचा मनोविकार हा आधी कागदोपत्री कोर्टाचा विषय होता आणि नंतर औषधाचा.

कोर्टाच्या कागदाला ‘कारण’ लिहिण्याचा रकाना होता. इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाची कारणे ‘नैतिक’ आणि ‘शारीरिक’ अशी दोन भागांत छापली जात: एकीकडे शोक, भीती, धर्मवेड, दुसरीकडे ताप, अपस्मार, बाळंतपण, आणि सगळ्यांत वरचढ गांजा. हा रकाना कसा भरला जात होता, ते १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने उघडे केले. गांजाचा वेडाशी संबंध तपासायला नेमलेल्या या आयोगाने इस्पितळांची दफ्तरे उघडली, एकेका रुग्णाचा माग काढला, आणि दिसले असे की ‘गांजा’ हे कारण बहुधा पोलिसांच्या कागदावरून जसेच्या तसे उतरवलेले आहे. शिपायाने विचारले असेल किंवा नसेल. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून तो भरला. एकदा कारण लिहिले गेले की त्या माणसाला ताप होता का, सांधे सुजले होते का, लघवी कमी होत होती का, हे पुन्हा कोण पाहणार? वसाहती इस्पितळांवर गर्दीचा, साखळ्यांचा, उपासमारीचा ठपका ठेवला जातो आणि तो योग्यच आहे. मला त्याहून खोल वाटतो तो हा रकाना.

आता दुसरी बाजू. नौपाड्याचे इस्पितळ उघडले त्याच सुमारास, १९००-०१ मध्ये, जर्मनीत पॉल एर्लिख शरीराच्या प्रतिकारशक्तीवर लिहीत होते. शरीर स्वतःवरच विष सोडणार नाही, निसर्गाला त्याची भीती आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या मताचे वजन इतके होते की शरीर स्वतःच्याच अवयवावर उलटते हे वैद्यकाने नि:संशय मान्य करायला अर्धशतक लागले. १९४८ मध्ये हारग्रेव्हज यांना ल्युपस या ऑटोइम्यून आजाराच्या रुग्णांत एक खास पेशी दिसली, १९५६ मध्ये रोझ आणि विटेब्स्की यांनी थायरॉइडवरचा हल्ला दाखवून दिला. दरम्यान वेड्यांच्या इस्पितळांत एक विलक्षण गोष्ट घडत होती. ज्या वेडाचे कारण शरीरात सापडे, ते वेड उरतच नसे. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना ‘जनरल पॅरालिसिस’ने मेलेल्यांच्या मेंदूत गरमीचे जंतू सापडले, आणि पुढे पेनिसिलिनने ते वॉर्ड रिकामे केले. पेलाग्रात मानेवर, हातांवर कातडी काळवंडते, जुलाब लागतात, मग माणूस बरळू लागतो. १९३७ मध्ये निकोटिनिक आम्लाने तो बरा होतो हे कळले, आणि १९६० मध्ये हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ज्वारीवरच जगणाऱ्या दख्खनच्या गरिबाला तो का होतो याचा धागा ज्वारीतल्या ल्युसिनपर्यंत नेला. १९४९ मध्ये लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर यांनी थायरॉइड मंदावल्यामुळे भ्रमिष्ट झालेले १४ रुग्ण नोंदवले. थायरॉइडच्या औषधाने त्यांतले ९ पूर्ण सावरले. या सगळ्यांना त्याआधीच्या काळात कुठे ठेवले गेले असते, हे सांगायला नको. आणि ही यादी बंद झालेली नाही. २००७ मध्ये जोसेप डालमाउ यांनी मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांचा आजार ओळखला. बहुतेक तरुण मुली. आठवड्याभरात संशय, भास, असंबद्ध बोलणे, मग झटके. कित्येकींची पहिली नोंद मनोविकाराच्या वॉर्डात झालेली असे.

इथे वयाचा प्रश्न येतो, आणि आपली भाषाच त्याची साक्ष देते. मराठीने प्रत्येक वयाच्या मनोविकाराला एकेक शब्द देऊन ठेवला आहे, ज्याने तो आजार म्हणून दिसतच नाही. मूल असेल तर ते द्वाड, हट्टी. तरुण मुलगी किंवा ओली बाळंतीण असेल तर अंगात आले, बाहेरची बाधा झाली. म्हातारा असेल तर म्हातारचळ, साठी बुद्धी नाठी. मूल घ्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाचे अक्षर अचानक बिघडते, हातातली वाटी पडते, चेहऱ्यावर नको ते चाळे होतात, कारण नसताना रडू फुटते. मास्तर कान धरतात. सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये वर्णिलेला हा कोरिया. घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, जंतूविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड मेंदूच्या खोल भागावर उलटतात, त्यातून तो होतो. संधिज्वराचाच तो एक चेहरा, आणि संधिज्वर दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब वस्त्यांचा आजार. तरुण वयात ल्युपस: दहा रुग्णांत नऊ बायका, त्याही मूल होण्याच्या वयातल्या, आणि बाळंतपणाच्या आसपास तो उसळू शकतो. अमेरिकेच्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये ल्युपसमुळे मेंदू आणि मज्जातंतूंवर होणाऱ्या परिणामांची १९ प्रकारांत नोंद केली. त्यांत भ्रम, नैराश्य, चिंता, स्मृतीचा गोंधळ हे सगळे आहे. सुनेला बाळंतपणानंतर वेड लागले असे म्हणून माहेरी पाठवलेल्या किती बायकांच्या लघवीत प्रथिने जात होती, हे आता कुणालाही कळणार नाही. मध्यम वयात आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस: २०१३ मध्ये ७२ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा आमवाताच्या १६.८ टक्के रुग्णांत ठळक नैराश्य आढळले, म्हणजे सहांमागे एक. आणि म्हातारपणी हेच सगळे ‘आता वय झालं’ या तीन शब्दांत गुंडाळले जाते. १८५८ च्या कायद्याला वयाशी कर्तव्य नव्हते. भाषेने वयांना सबबी दिल्या. दोहोंच्या मध्ये आजार लपून राहिला.

भिवंडीत हे अधिक जवळून पाहता येते, कारण हे गाव बोटांवर चालते. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचे हातमाग इथे होते, विसाव्या शतकात त्यांच्या जागी यंत्रमाग आले, आणि १९८२ च्या संपाने मुंबईच्या गिरण्या बसल्या तेव्हा कापडाचा मोठा भार या शहरावर आला. माग कितीही यांत्रिक असला तरी तुटलेला धागा माणसाच्या चिमटीतच जोडला जातो: अंगठा, तर्जनी, एक गाठ, धोटा पुन्हा सुरू. आमवात पहिला धरतो तो याच बोटांच्या मुळांना, आणि सकाळी तासभर मूठ वळत नाही. सकाळच्या पाळीचा माणूस त्या तासात मागावर उभा असतो. मलेशियात कापडाच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांत आमवाताचा धोका जवळपास तिप्पट दिसला. भिवंडीच्या हवेतले कापसाचे तंतू आठवले की तो आकडा नुसता वाचून सोडता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तिच्यात प्रौढांतले आमवाताचे प्रमाण अर्धा टक्का आले. ते प्रमाण २०११ च्या जनगणनेतल्या सात लाखांच्या भिवंडीतल्या प्रौढांना ढोबळमानाने लावले, इथे पुरुष जास्त आणि हा आजार बायकांत जास्त म्हणून थोडे कमी धरले, तरी दीड-दोन हजार माणसे होतात, आणि त्यांतली अडीचशे-तीनशे नैराश्यात. ही मोजणी नव्हे, अंदाज आहे. पण कापूस पिंजताना जसा गठ्ठा दिसतो तसा तो दिसावा इतका मोठा आहे. त्यात औषधाचा फास वेगळा. १९४८ मध्ये कॉर्टिसोनने अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले आणि दोनच वर्षांत त्याला नोबेल मिळाले. पण तेच औषध काहींची झोप उडवते, काहींना भ्रमिष्ट करते. १९७२ च्या बोस्टनच्या पाहणीत प्रेडनिसोनचा रोजचा डोस ४० मिलिग्रॅमपर्यंत असताना १.३ टक्के रुग्णांत असा मानसिक त्रास होता, ८० च्या वर गेल्यावर १८.४ टक्के. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पुडी घेणाऱ्याला नाही. तो रात्र रात्र जागू लागला, संशय घेऊ लागला, तर घरचे त्याला कुठे नेतात? पुडीचे नाव कुणी काढत नाही.

यावर रास्त हरकती आहेत. पहिली अशी की वेगळ्या इस्पितळाला दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. त्याआधी वेडी माणसे तुरुंगात किंवा रस्त्यावर मरत होती. हे खरे आहे, आणि देणगी देणाऱ्यांच्या मनात कणव होती याबद्दल मला शंका नाही. ठाण्याच्या १८५० खाटांनी असंख्य निराधारांना आसरा दिला. माझे म्हणणे आसऱ्याविरुद्ध नाही. आसरा आणि तपासणी या दोन गोष्टींपैकी पहिली मिळाली म्हणून दुसरी झाली असे समजले गेले, त्याविरुद्ध आहे. दुसरी हरकत: मग वज्रेश्वरीचीच वाट बरी होती, असे म्हणायचे आहे का? नाही. गरम पाण्याने आखडलेला सांधा थोडा सैलावतो, ल्युपस बरा होत नाही. आणि देवाच्या, पिराच्या दारी माणूस नेऊन बांधून ठेवण्याची वाट कुठे जाते, ते ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीला दिसले: दर्ग्याजवळच्या झोपडीला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. कुंडाच्या वाटेचा एकच गुण मी मोजतो, की तिने माणूस अर्धा करून घेतला नाही. चरकानेही शरीर मनामागून जाते आणि मन शरीरामागून, असेच सांगितले होते. पण तेवढ्याने प्रतिपिंड मोजता येत नाहीत.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार. बहुतेक मनोविकार ऑटोइम्यून नसतात. मग प्रत्येक उदास माणसाच्या महागड्या तपासण्या करायच्या का, आणि गरीब गावाला ते परवडेल का? डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींतून ३५ लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑटोइम्यून आजारासाठी इस्पितळात जावे लागलेल्यांत पुढे मूडचे विकार होण्याचा धोका ४५ टक्क्यांनी जास्त निघाला. धोका वाढतो, याचा अर्थ सगळ्यांना होतो असा नाही, हे मान्य. पण इथे लागणारी गोष्ट महाग नाही. थायरॉइडची एक चाचणी, लघवीतली प्रथिने, साधे रक्त आणि सूज दाखवणारा ईएसआर, आणि दोन प्रश्न: सकाळी बोटे आखडतात का, आणि कोणत्या गोळ्या-पुड्या चालू आहेत. उलट्या दिशेचे प्रश्नही इतकेच स्वस्त आहेत. सांधे दाखवायला आलेल्या बाईला झोप लागते का, जगणे नकोसे वाटते का, असे विचारायला यंत्र लागत नाही. काही जणांना भीती वाटते की असे विचारले तर घरचे म्हणतील, बघा, दुखणे मनाचेच आहे. ती भीती खोटी नाही. पण ती भिंतीमुळेच आहे: ‘मनाचे’ म्हणजे खोटे, हा अर्थ माणसे वेगवेगळ्या दारांतून आत घेतली गेली तेव्हापासून पक्का झाला.

भिंत पाडण्याचे काम मुंबईत सुरू झाले होते, आणि तेही स्वातंत्र्याआधी. १९३७ मध्ये डॉ. मसानी यांच्या पुढाकाराने टाटांच्या समाजकार्य संस्थेशी जोडलेले बालमार्गदर्शन केंद्र निघाले, १९३८ मध्ये त्यांनीच जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, पुढे केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया आले. जे. जे.ला मनोविकारतज्ज्ञ आणि फिजिशियन एकाच जिन्याने चढत होते. तिथे मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागत नव्हता, केसपेपर पुरत होता. माझ्या मते या प्रदेशाच्या मनोविकारांच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना तीच आहे, ठाण्याची इमारत नव्हे. ती खाडी ओलांडून भिवंडीपर्यंत वेळेत पोचली नाही, हे दु:ख आहे. आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालासाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातली १९ मनोरुग्णालये पाहिली, खाटा भरल्या १०,१८१, आणि बहुतेकांची अवस्था निषेधार्ह ठरवली. तरीही पुढची चाळीस वर्षे जिल्ह्याचा विचार मोठ्या इस्पितळापाशीच थांबत राहिला. २९ मे २०१८ पासून लागू असलेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आता स्पष्ट सांगतो की मानसिक आजाराच्या रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णासारखीच वागणूक मिळाली पाहिजे, आणि अल्पवयीन मुलाला भरती करायचे तर मोठ्यांपासून वेगळे, पालकासोबत. १८५८ च्या कायद्याने न पाहिलेले वय या कायद्याने पाहिले. पण २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि भिवंडीत किती मुले, किती बाळंतिणी, किती म्हातारे यांना कोणता त्रास आहे, याची स्वतःची मोजणी शहराजवळ असायला हवी. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय हे या शहराचे सरकारी दार आहे. सांध्यांची आणि मनाची तपासणी तिथे एकाच दिवशी, एकाच केसपेपरवर व्हावी, ही मागणी मोठी नाही, त्या दिशेचे पाऊल जे. जे.ने १९३८ मध्येच टाकले होते.

ते होईपर्यंत एक गोष्ट घरच्यांच्या हातात आहे. सांध्यांच्या डॉक्टरची फाइल आणि मनोविकाराच्या डॉक्टरची फाइल वेगवेगळ्या कपाटांत ठेवू नका. दोन्ही एकाच पिशवीत ठेवा, पुड्यांचे कागदही त्यातच टाका, आणि ज्या टेबलापुढे बसाल तिथे ती पिशवी पूर्ण रिकामी करा.